टॅबच्या पडद्याची नक्कल : घेण्याच्या रीती आणि जपण्याची रीत

वरंधच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत. हाताला कसब आहे आणि शब्दाला पक्के आहेत. आखातात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा मागच्या सुट्टीत आला तेव्हा वडिलांसाठी टॅब घेऊन आला. त्यावर ते मुलाशी बोलत, नातवंडांना पाहत आणि गिऱ्हाइकांचे निरोपही वाचत. पुण्यात राहून गावी घर बांधणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना दरवाजांची मापे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. लाकूड घरातच होते. सुतारांनी दुसऱ्याच दिवशी ते कापायला घेतले. तिसऱ्या दिवशी गृहस्थांचा फोन आला, "चाचा, हे माप मी दिलेच नव्हते." सुतारांनी टॅब उघडला, तर मापाच्या जागी संदेश हटवल्याची तेवढी एक ओळ उरली होती.

पुढे दोन वडीलधाऱ्यांनी बसून तोड काढली आणि नुकसान अर्धे अर्धे वाटून घेतले. सुतार खरे बोलत होते हे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होते, पण त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हते. निरोप आला त्याच वेळी त्यांनी टॅबची दोन बटणे एकदम दाबली असती, तर ही बैठक बसलीच नसती. ती दोन बटणे कोणती, ती नसली किंवा बिघडली तर दुसऱ्या वाटा कोणत्या, आणि घेतलेली नक्कल कामी यावी म्हणून काय सांभाळावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

मुळात ही चीज काय आहे?

टॅबच्या पडद्यावर एखाद्या क्षणी जे दिसते त्याचे जसेच्या तसे चित्र टॅबमध्येच साठवणे, याला स्क्रीनशॉट म्हणतात. यात कॅमेऱ्याचे काम नसते, त्यामुळे चित्र हलत नाही, काचेवर उजेड चमकत नाही आणि बारीक आकडेही स्पष्ट उमटतात. इंटरनेट नसतानाही ते घेता येते आणि पाहता येते. आपल्या डोंगरपट्ट्यात या शेवटच्या गुणाला फार किंमत आहे. महाडच्या बाजारात उघडलेले भावाचे पान वरंधच्या वळणांवर रेंज गेली की पुन्हा उघडत नाही. त्याची नक्कल घेतलेली असेल तर ती घाटातही उघडते.

अँड्रॉइडच्या उपकरणांत ही सोय २०११ साली आलेल्या ४.० या आवृत्तीपासून मुळातच दिलेली आहे. त्यापूर्वी त्यासाठी बऱ्याच खटपटी कराव्या लागत. आजच्या टॅबमध्ये मात्र एकच नव्हे, तर पाच-सहा रीती असतात. सगळ्या पाठ करण्याची गरज नाही. आपल्या हाताला बसतील अशा दोन पक्क्या कराव्यात, म्हणजे एक अडली तर दुसरी चालते.

पहिली रीत : दोन बटणे

अँड्रॉइडचा टॅब कोणत्याही कंपनीचा असो, पॉवरचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबावे आणि क्षणात सोडावे. पडदा किंचित लवतो किंवा 'खट्' असा आवाज होतो आणि चित्राची छोटी आकृती कोपऱ्यात किंवा खाली दिसते. झाले काम.

पहिल्यांदा करणाऱ्यांच्या हातून दोन चुका होतात. पॉवरचे बटण आधी दाबले गेले तर पडदा बंद होतो. आवाजाचे बटण आधी दाबले गेले तर आवाजाची पट्टी पडद्यावर येते आणि कधी कधी तीही चित्रात उमटते. बोटे आधी दोन्ही बटणांवर नुसती टेकवून ठेवावीत आणि मग एकदम दाबावे. टॅब हातात उभा धरला तर हे अवघड जाते. गल्ल्यावर किंवा मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी करावे.

आयपॅडचे बटण वेगळे आहे. ज्या आयपॅडला खाली गोल बटण आहे, त्यावर वरचे बटण आणि ते गोल बटण एकदम दाबतात. ज्याला गोल बटण नाही, त्यावर वरचे बटण आणि आवाजाच्या दोन बटणांपैकी कोणतेही एक दाबतात. विंडोजवर चालणारा टॅब असेल तर पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण दाबावे. काही जुन्या विंडोज टॅबवर विंडोजची खूण असलेले बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण अशी जोडी असते.

दुसरी रीत : वरून ओढलेल्या पट्टीतील बटण

ज्यांच्या टॅबचे पॉवर बटण झिजले आहे, त्यांच्यासाठी ही रीत उत्तम. लाकडाचा भुसा, पिठाची धूळ, वेल्डिंगचा कीस यांत वावरणाऱ्या टॅबचे बटणच आधी जाते. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की वायफाय, बॅटरी, उजेड यांच्या खुणांची पट्टी उतरते. अनेक अँड्रॉइड टॅबमध्ये याच पट्टीत 'स्क्रीनशॉट' अशी खूण असते. तिच्यावर बोट टेकवताच पट्टी आपोआप वर जाते आणि मागच्या पानाचे चित्र घेतले जाते. खूण दिसत नसेल तर त्याच पट्टीतील पेन्सिलीच्या खुणेने किंवा 'एडिट' लिहिलेल्या जागेतून ती वर आणून ठेवता येते. हे एकदाच करायचे आहे.

तिसरी रीत : बोटे आणि तळहात

शाओमी, रेडमी, ओप्पो, रियलमी आणि वनप्लस यांच्या टॅबवर तीन बोटे पडद्यावर एकत्र टेकवून वरून खाली ओढली की चित्र निघते. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबवर तळहाताची कड पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, टेबलावरची धूळ पुसावी तशी फिरवतात. या सोयी सेटिंगमध्ये चालू असाव्या लागतात. सॅमसंगमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' या भागात हालचाली आणि खुणांचे जे पान आहे, तिथे ती सापडते.

आयपॅडवर खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत तिरके बोट ओढले, किंवा अ‍ॅपलची पेन्सिल तशीच ओढली, तरी चित्र निघते.

ओल्या किंवा तेलकट हातांना ही रीत साथ देत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. खाटीक, हलवाई आणि मेकॅनिक बांधवांनी पहिल्या दोन रीतींवरच भिस्त ठेवावी.

चौथी रीत : पडद्यावर तरंगणारे बटण

ज्यांच्या बोटांना दोन बटणे एकदम दाबण्याचा त्रास होतो, अशा वयस्क बांधवांसाठी कंपन्यांनी वेगळी सोय दिलेली आहे. आयपॅडच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', त्यात 'टच' आणि त्यात 'असिस्टिव्ह टच' चालू केले की पडद्यावर एक गोल टिकली कायम दिसू लागते. तिच्यावर टेकले की उघडणाऱ्या यादीत 'डिव्हाइस', 'मोअर' आणि पुढे 'स्क्रीनशॉट' असे मिळते. अँड्रॉइडमध्येही 'अ‍ॅक्सेसिबिलिटी मेन्यू' चालू करता येतो. त्यात मोठ्या ठळक खुणा असतात आणि त्यांपैकी एक स्क्रीनशॉटची असते. घरातील मुलांना सांगून ही सोय एकदा लावून घ्यावी.

पाचवी रीत : लेखणी आणि कीबोर्ड

सॅमसंगच्या ज्या टॅबबरोबर एस पेन नावाची लेखणी येते, त्यावर लेखणीचे बटण दाबून उघडणाऱ्या यादीत 'स्क्रीन राइट' असते. त्याने चित्रही निघते आणि त्यावर लगेच लिहिताही येते. शिंपी आणि सुतार बांधवांना हे फार उपयोगी आहे. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याचे चित्र घेऊन त्यावरच "बाही दोन इंच कमी" असे लिहून उलट पाठवावे, म्हणजे बोलण्यात गफलत राहत नाही.

आयपॅडला कीबोर्ड जोडलेला असेल तर कमांड, शिफ्ट आणि ३ ही बटणे एकत्र दाबावीत. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस दाबले की पडद्याचा हवा तेवढाच तुकडा कापून घेता येतो.

लांब पानाची नक्कल

गिऱ्हाइकाशी झालेले बोलणे किंवा एखादे लांब बिल पडद्यावर एका वेळी मावत नाही. तुकडे तुकडे घेतले तर मधली ओळ सुटते आणि सुटलेल्या ओळीवरूनच भांडण होते. अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून बहुतेक टॅबवर चित्र घेतल्यावर खाली जी छोटी पट्टी येते तिच्यात 'कॅप्चर मोअर' किंवा खाली जाणाऱ्या बाणाची खूण असते. सॅमसंग आणि शाओमीमध्ये अशी सोय त्याही आधीपासून होती. ती खूण दाबली की पान पुढे सरकते आणि एकच लांब चित्र तयार होते. आयपॅडवर सफारीत उघडलेल्या पानाचे चित्र घेतल्यावर 'फुल पेज' निवडले की पूर्ण पान पीडीएफ म्हणून साठवता येते.

ही सोय नसेल तर तुकडेच घ्यावेत, पण प्रत्येक चित्रात आधीच्या चित्रातील शेवटच्या दोन ओळी येऊ द्याव्यात. कापड जोडताना शिवणीसाठी जशी पट्टी सोडतो, तसेच हे आहे.

चित्र जाते कुठे?

अँड्रॉइडमध्ये गॅलरी किंवा फोटो उघडले की 'स्क्रीनशॉट्स' नावाचा वेगळा कप्पा दिसतो. आयपॅडमध्येही फोटोंत त्याच नावाचा संग्रह असतो. विंडोजमध्ये 'पिक्चर्स' या कप्प्यात असतो. तेथे हजारो चित्रांची गर्दी झाली की कामाचे एक सापडत नाही. म्हणून गिऱ्हाइकाच्या नावाने किंवा महिन्याच्या नावाने वेगळे कप्पे करावेत आणि दर जुम्याला किंवा आपल्या सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटे काढून निवडटिपण करावे. वही उतरवून घेण्याची सवय असलेल्यांना यात नवे काही नाही.

कामाची नक्कल कशी असावी?

इथे आम्ही थोडे सविस्तर सांगतो, कारण बटण दाबायला कोणीही शिकतो, पण नेमके काय पडद्यावर असताना दाबावे हे फार थोडे जण पाहतात.

पहिली गोष्ट, नाव आणि नंबर. व्हॉट्सअ‍ॅपच्या वरच्या पट्टीत दिसणारे नाव आपणच टॅबमध्ये लिहून ठेवलेले असते. उद्या समोरचा म्हणाला की हा मी नव्हेच, तर त्या नावाला अर्थ उरत नाही. म्हणून बोलण्याच्या चित्राबरोबर त्या नावावर टेकून उघडणाऱ्या पानाचे, म्हणजे ज्यावर मोबाईल क्रमांक दिसतो त्याचे, दुसरे चित्र घ्यावे.

दुसरी गोष्ट, तारीख. संदेशाशेजारी फक्त वेळ असते. तारीख मध्ये कुठेतरी छोट्या चौकटीत असते आणि ताज्या संदेशांना तर नुसते 'आज' किंवा 'काल' असेच लिहिलेले असते. सहा महिन्यांनी त्या 'काल'चा काही बोध होत नाही. आयपॅडच्या वरच्या पट्टीत वेळेबरोबर तारीखही दिसते, त्यामुळे तिथे सोपे जाते. इतर टॅबवर वरची पट्टी खाली ओढली की तारीख दिसते, तिचेही एक चित्र घ्यावे. आपण स्वतः पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून धरून 'इन्फो' पाहिले, तर तो कधी पोहोचला आणि कधी वाचला गेला हेही कळते. समोरच्याने ती सोय बंद ठेवली नसेल, तर ते पान सोन्याचे आहे.

तिसरी गोष्ट, वेळेवर घेणे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुदत ऑगस्ट २०२२ पासून दोन दिवसांहून अधिक झाली आहे, आणि मे २०२३ पासून पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलताही येतो. बदललेल्या संदेशाखाली तशी नोंद दिसते, पण आधी काय लिहिले होते ते दिसत नाही. आपोआप नाहीसे होणारे संदेश तर २०२० पासूनच आहेत. तेव्हा ऑर्डर आली की पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, पुन्हा एकदा वाचून 'होय, एवढे माप पक्के ना?' असे लेखी विचारावे आणि 'होय' आले की लगेच चित्र घ्यावे. त्यानंतरच करवत उचलावी.

चौथी गोष्ट, आवाजी निरोप. आपल्याकडे लिहिण्यापेक्षा बोलून पाठवण्याची सवय अधिक आहे. आवाजाचे चित्र निघत नाही, नुसती रेघ दिसते. गिऱ्हाइकाने मापे बोलून पाठवली, तर आपण ती लिहून उलट पाठवावीत आणि त्यांच्याकडून लेखी होकार घ्यावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला शतकांपासून आहे. साधन बदलले म्हणून ती शिथिल होत नाही.

दुसऱ्याच्या नकलेवर माल देऊ नये

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. यूपीआयची सुरुवात २०१६ साली झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि पुढच्या काळात मोबाईलवरून पैसे देण्याची सवय खेड्यापाड्यांत पोहोचली. त्याबरोबर एक नवी लबाडीही आली. गिऱ्हाईक आपल्या मोबाईलवर हिरवी बरोबरची खूण आणि 'पैसे पाठवले' असे पान दाखवते आणि माल घेऊन निघून जाते. ते पान जुन्या व्यवहाराचे असू शकते, त्यावरचा आकडा बदललेला असू शकतो किंवा तसे खोटे पान तयार करणारे अ‍ॅपही असू शकते. घाटाच्या पायथ्याच्या दुकानदाराला हा धोका जास्त आहे. गाडी थांबते, दोन मिनिटांत निघते आणि भोरच्या बाजूला उतरून जाते. इकडे रेंज येईपर्यंत माणूस पसार झालेला असतो.

यावर नियम एकच आहे. समोरच्याच्या पडद्यावर काय दिसते त्याला काही किंमत नाही. पैसे आल्याची खात्री आपल्याच खात्यात, आपल्याच अ‍ॅपमध्ये, बँकेच्या संदेशात किंवा दुकानात ठेवलेल्या बोलक्या डबीच्या आवाजात करावी. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो. तोच क्रमांक आपल्या नोंदीत दिसला तरच व्यवहार झाला असे समजावे. बहुतेकांचा टॅब बिनसिमचा असतो, त्यावर बँकेचा संदेश येणार नाही, हेही लक्षात ठेवावे. बँकेला जोडलेला मोबाईल गल्ल्याजवळ असावा. इंटरनेट नाही पण मोबाईलचा साधा सिग्नल आहे, अशा वेळी *९९# फिरवून खात्यातील शिल्लक पाहता येते. तेही जमत नसेल तर नम्रपणे रोख मागावी. मागायला संकोच वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दिवसाची कमाई जाण्यापेक्षा दोन घटकांचा संकोच परवडला.

आणखी एक. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "मी पैसे पाठवतो, तुम्ही पिन टाका" असे कोणी म्हटले की समजावे, पैसे आपल्याच खात्यातून जाणार आहेत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो. तक्रार करताना व्यवहाराच्या पानाचे, फसवणाऱ्याच्या क्रमांकाचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट हाताशी असले तर काम सोपे होते.

काही पानांची नक्कल निघत का नाही?

बँकांच्या अ‍ॅपमध्ये बटणे दाबली तर अनेकदा पडदा काळा येतो किंवा चित्र घेता येत नाही अशी सूचना दिसते. टॅब बिघडला असे समजू नये. आपली शिल्लक आणि पासवर्ड दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून बँकेनेच ते बंद केलेले असते. अशा ठिकाणी पावती 'डाउनलोड' किंवा 'शेअर' करण्याचे बटण दिलेले असते, ते वापरावे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच पाहता येणारे फोटोही असेच सांभाळलेले असतात. एखादे गिऱ्हाईक ऑर्डरचा नमुना त्या पद्धतीने पाठवत असेल तर साधा फोटो पाठवायला सांगावे.

पाठवताना झाकावे काय?

स्क्रीनशॉट पुढे पाठवताना आपला खाते क्रमांक, आधार क्रमांक, ओटीपी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांची नावे झाकावीत. दुसऱ्याची उधारी ही आपल्याकडे अमानत आहे, ती चव्हाट्यावर जाता कामा नये. झाकण्यासाठी हायलाइटरचा पातळ रंग वापरू नये. चित्राचा उजेड वाढवला की त्याखालचे आकडे अनेकदा वाचता येतात. गडद काळी चौकट भरावी किंवा तो भाग कापून टाकावा.

कापण्यातही एकदा धोका निघाला होता. मार्च २०२३ मध्ये असे उघड झाले की गूगलच्या पिक्सेल फोनमधील आणि विंडोजच्या चित्र कापण्याच्या साधनांमध्ये चूक आहे आणि कापून टाकलेला भाग फाइलीतून परत काढता येतो. कंपन्यांनी दुरुस्ती केली, पण ज्यांनी आपली उपकरणे अद्ययावत केली त्यांनाच ती मिळाली. अपडेट करा अशी सूचना आली की टाळू नये, हा त्यातला बोध.

कोर्टात ही नक्कल चालते का?

हा प्रश्न आम्हाला बरेच बांधव विचारतात. याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला पाहू. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी अर्ज वेळेनंतर दाखल झाल्याचे सांगत निवडणुकीला आव्हान दिले. पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण पुढे आले आणि त्याच्या नकलेबरोबर कायद्याने सांगितलेला दाखला हवा की नको, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की संगणक किंवा मोबाईलमधील नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर दाखला आवश्यक आहे. मात्र ज्या उपकरणात मूळ नोंद आहे ते उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर दाखल्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्यातही कलम ६३ मध्ये अशा दाखल्याची तरतूद आहे. आपल्यासाठी याचा साधा अर्थ असा. चित्र घेतले म्हणून मूळ संदेश पुसू नये. ज्या टॅबवर तो आला तो टॅब विकण्यापूर्वी किंवा फॉरमॅट करण्यापूर्वी विचार करावा. वाद कोर्टात जाण्याची चिन्हे दिसताच वकिलाला मूळ टॅब दाखवावा. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते, तेव्हा उधारीच्या नकला निदान तेवढा काळ जपाव्यात. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी तर हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात. स्क्रीनशॉट हा हिशेबाच्या वहीला पर्याय नाही, जोड आहे.

टॅब बुडाला तर?

२२ जुलै २०२१ चा दिवस आपल्या भागात कोणी विसरणार नाही. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेक कुटुंबे गेली. गेलेल्या जिवांपुढे वह्या आणि पावत्यांची गोष्ट लहानच. पण जे वाचले त्यांना पुन्हा दुकान उघडायचे होते, आणि कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, हे चिखल झालेल्या कागदांवरून सांगता येत नव्हते.

टॅबसुद्धा पाण्यात जातो, चोरीला जातो, हातातून पडतो. त्यात साठवलेले चित्र त्याच्याबरोबरच जाते. म्हणून महत्त्वाच्या नकलेची एक प्रत घराबाहेर असावी. गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या खात्यात ती आपोआप चढण्याची सोय चालू करावी. ते जमत नसेल तर मुंबई-पुण्यातील भावाला किंवा आखातातील मुलाला आठवड्याला एकदा पाठवून ठेवावी. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे बारीक अक्षरे पुसट होत नाहीत. सुतार, शिंपी, लोहार, गवंडी अशा १८ व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत किंवा उद्यम नोंदणीत ज्यांनी अर्ज केला आहे, त्यांनी अर्ज क्रमांकाच्या पानाची नक्कलही याच कप्प्यात ठेवावी.

आज रात्रीचा सराव

दुकान बंद केल्यावर तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक, दोन बटणांच्या रीतीने पाच चित्रे घ्यावीत. पाचही नीट येईपर्यंत थांबू नये. दोन, सध्या हातात असलेल्या एका ऑर्डरचे बोलणे उघडून त्याचे, गिऱ्हाइकाच्या क्रमांकाचे आणि तारखेचे अशी तीन चित्रे घ्यावीत आणि त्यांचा एक कप्पा करावा. तीन, तो कप्पा घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाला पाठवावा.

वर सांगितलेले सुतार आता प्रत्येक मापाची नक्कल घेतात. परवा भेटले तेव्हा टॅब पुढे करून दाखवत होते. पहिल्या चित्रात माप, दुसऱ्यात क्रमांक, तिसऱ्यात तारीख. आम्ही विचारले, त्यानंतर पुन्हा तंटा झाला का? ते म्हणाले, "नाही. चित्र घेतो हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, मग तेच माप दोनदा मोजून पाठवतात."